कापलेल्या पायाची बोटं दुखतात, हे भास आहेत का? घरी काय करता येईल?

मधुमेहात गँगरीन होऊन वडिलांचा पाय गुडघ्याखाली कापला आणि आता नसलेल्या अंगठ्यात कळा येतात, हे डोक्यात तर नाही ना, असं तुम्ही विचारलंय. वेदना खरी आहे. कापलेल्या नसांची टोकं संदेश पाठवतच राहतात आणि मेंदूतला त्या पायाचा नकाशा काही पुसला जात नाही. अपघातात किंवा कॅन्सरमुळे पाय गेला तरी हे होतं. ऑपरेशनआधी पाय बरेच दिवस ठणकत असेल तर जास्त. "मनाचे खेळ" एवढं मात्र म्हणू नका, ते सांगणंच सोडतील.

आधी स्टंप, म्हणजे कापल्यावर उरलेला पायाचा भाग, बघा. लाल, गरम, पू किंवा ताप असेल तर त्याच दिवशी सर्जनकडे. एकाच जागी टिचकी मारल्यावर करंट बसत असेल तर बहुधा नसेची गाठ आहे, तिचा इलाज वेगळा.

मग आरसा. मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९०च्या दशकात पुढे आणलेला हा उपाय स्वस्त आहे, पण मांडणी चुकली की फुकट. साधारण ४ फूट लांब, दीड फूट रुंद आरसा घ्या, शक्यतो ॲक्रिलिकचा. काचेचा असेल तर कडा घासून वर टेप लावा. मधुमेहात दुसरा पायही बधिर असू शकतो, कापलं तरी कळणार नाही. पलंगावर पाय लांब करून बसवा, आरसा दोन्ही पायांमध्ये उभा, चकाकती बाजू चांगल्या पायाकडे, स्टंप पूर्ण मागे. प्रतिबिंब नेमकं गेलेल्या पायाच्या जागी दिसेपर्यंत आरसा सरकवत राहा. बहुतेकांचं इथंच फसतं. मोजा काढून घोटा, बोटं सावकाश हलवायची आणि गेलेला पायही तसाच हलवतोय असं मनात धरायचं. रोज १५ मिनिटं, निदान ४ आठवडे. चक्कर आली, कळ वाढली तर थांबा. दुसऱ्या दिवशी ५ मिनिटंच.

साध्या पेनकिलरने फारसं भागत नाही. डॉक्टर नसांच्या वेदनेवरची गॅबापेंटिन, प्रीगॅबॅलिन किंवा रात्री कमी डोसची अमिट्रिप्टिलिन देतात. आधी क्रिएटिनिनचा (किडनीच्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट दाखवा, किडनी कमजोर असेल तर पहिल्या दोन्हींचा डोस कमी करावा लागतो. प्रोस्टेटचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर तोही सांगा. गोळ्या एकदम बंद करू नका.

कृत्रिम पायासाठी पुण्यात वानवडीचं आर्टिफिशियल लिंब सेंटर आहे, १९४४ पासूनचं. लष्कराचं असलं तरी तिथे सामान्य नागरिकांनाही पाय बसवून मिळतो. तोवर सर्जनने सांगितलं असेल तर क्रेप बँडेज इंग्रजी आठच्या आकड्यासारखं बांधा, टोकाशी घट्ट, वर सैल. नुसतं गोल गोल गुंडाळलं तर वरून आवळतं आणि टोक फुगतं.