सिएटलजवळची इतकी शहरं एका माशासाठी एकत्र का येतात, आणि पैसे कोण भरतं?

मासा पालिकेची हद्द बघत नाही, म्हणून. चिनूक सॅमन समुद्रातून बॅलर्डच्या लॉक्समधून (समुद्र आणि तळ्यांमधल्या, जहाजं ये-जा करायच्या पाण्याच्या दारांतून) आत शिरतो, लेक वॉशिंग्टन ओलांडून रेंटनजवळ अंडी घालायला सीडर नदीत वर चढतो. वाटेत कितीतरी शहरं लागतात. एकाने काठावर झाडं लावली आणि वरच्याने तोडली, तर सावली जाऊन पाणी तापायचं ते तापतंच.

१९९९ मध्ये प्युजेट साउंडचा, म्हणजे सिएटलच्या समुद्रखाडीचा चिनूक केंद्र सरकारच्या धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत गेला. मग सिएटल, बेलव्ह्यू, रेडमंडसारखी शहरं आणि किंग व स्नोहोमिश काउंट्यांनी (म्हणजे जिल्ह्यांनी) करार केला. २००५ मध्ये सगळ्या पाणलोटाचा एकच आराखडा तयार झाला. वर्गणी लोकसंख्या, क्षेत्रफळ आणि मालमत्तेचं मूल्य पाहून ठरते, म्हणजे छोट्या गावावर बोजा पडत नाही. माझ्या मते हे सगळं टिकलंय ते या हिशोबामुळेच. प्रत्यक्ष कामांना राज्य आणि केंद्राचं अनुदानही लागतं.

काम म्हणजे काय? सीडरवर रेनबो बेंडला बांध काढून नदीला पसरायला जागा दिली. पिल्लांना संथ, उथळ पाणी लागतं, ते तिथे मिळतं.

रेंटनची लायब्ररी नदीवरच बांधलेली आहे. ऑक्टोबरात तिथल्या पुलावरून खाली बघा: मादी आडवी होऊन शेपटीने गोटे उडवते, खळगा करते, त्यात अंडी घालते. मुलांना नक्की घेऊन जा.