नऊ मिलिसेकंदांत आकार मोजायचा कसा?

प्रश्न: लिथियम ११ बद्दल वाचलं. त्याच्यात ३ प्रोटॉन आणि ८ न्यूट्रॉन, आणि अर्धायुष्य जेमतेम ९ मिलिसेकंद. मग त्याचा आकार मोजतात कसा? टार्गेट बनवेपर्यंतच ते संपत असेल ना?
– एक वाचक, सातारा

उत्तर: टार्गेट बनवतच नाहीत, त्याचाच बीम, म्हणजे वेगवान कणांचा झोत करतात! नेहमी स्थिर अणूचं टार्गेट ठेवून त्यावर प्रोटॉन मारतात, इथे उलटं, हायड्रोजन जागेवर ठेवायचा, म्हणजे प्रोटॉन झाले टार्गेट, आणि लिथियम त्यांच्यावर सोडायचं. कॅरममध्ये स्ट्रायकर सोंगटीवर गेला काय किंवा सोंगटी स्ट्रायकरवर आली काय, टक्कर तीच, फक्त हिशोब उलटा करायचा.

आणि वेळेचं म्हणाल तर ९ मिलिसेकंद इथे भरपूर होतात. जर्मनीत डार्मस्टाटच्या जीएसआय प्रयोगशाळेत ऑक्सिजन १८ चा बीम बेरिलियमवर आदळवून जे तुकडे उडतात त्यातून लिथियम ११ वेगळं काढलं, ते प्रकाशाच्या साधारण ८२ टक्के वेगाने पळत होतं, म्हणजे १०० मीटर अर्ध्या मायक्रोसेकंदाच्या आत पार. पुढे इकार नावाचं यंत्र, दाबाखाली हायड्रोजन भरलेला चेंबर. मला यातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते ती ही की तोच गॅस टार्गेट आणि तोच डिटेक्टर, धक्का खाऊन सरकलेला प्रोटॉन त्याच गॅसमध्ये आपली खूण सोडतो, त्यामुळे अगदी हलका धक्कासुद्धा मोजता येतो, आणि आकाराची माहिती त्या हलक्या धक्क्यांतच असते.

ती कशी? लेसर पॉइंटरसमोर केस धरून बघा. भिंतीवर पट्टे दिसतात, केस जाड असला की पट्टे जवळ येतात. इथेही तसंच, केंद्रक जेवढं पसरट तेवढं स्कॅटरिंग, म्हणजे टकरीनंतर कणांचं विखुरणं, कोन वाढला की झपाट्याने कमी होतं, तो उतार मोजला की आकार कळतो.

इलेक्ट्रॉन का नाही वापरत, असंही विचाराल. इलेक्ट्रॉनला मुख्यतः विद्युतभार दिसतो, म्हणजे प्रोटॉन. न्यूट्रॉन बाहेर कुठवर पसरलेत ते त्याला जवळजवळ कळतच नाही. प्रोटॉनला न्यूक्लियर बल जाणवतं, दोघांचंही, आणि लिथियम ११ ची सगळी गंमत न्यूट्रॉनमध्येच आहे. १९८५ मध्ये अमेरिकेत बर्कलीला तानिहाता या जपानी शास्त्रज्ञाला आणि सहकाऱ्यांना वेगळ्या पद्धतीने पहिल्यांदा दिसलं की ते शेजारच्या लिथियम ९ पेक्षा अचानक केवढं तरी मोठं आहे. प्रोटॉन स्कॅटरिंगनेही तेच दाखवलं, लिथियम ९ ची त्रिज्या अडीच फर्मीच्या आसपास, ११ ची साडेतीनच्या पुढे (एक फर्मी म्हणजे मीटरचा दहा लाख अब्जावा भाग). वाढलेले फक्त दोन न्यूट्रॉन, पण ते इतके सैल बांधलेत की लांबवर धुक्यासारखे पसरतात, त्यालाच हॅलो म्हणतात. ०.३७ एमईव्ही (केंद्रकाच्या जगातलं ऊर्जेचं एकक) ऊर्जा मिळाली की दोघेही सुटतात, साध्या केंद्रकातून एक न्यूट्रॉन काढायला ८ च्या आसपास लागतात.