अकरावीत 'ट्रॅव्हल अँड टुरिझम' हा व्यावसायिक विषय मुलीला घेऊ द्यावा का?

आपण विचारले आहे की, आपण ऐरोलीत राहता, आपल्या मुलीला अकरावीत वाणिज्य शाखेत 'ट्रॅव्हल अँड टुरिझम' हा व्यावसायिक विषय घ्यायचा आहे, नातेवाइकांच्या मते तो अभ्यासात मागे असणाऱ्या मुलांचा विषय आहे, आणि मुलगी मितभाषी असल्यामुळे या क्षेत्रात तिचा निभाव लागेल का, अशी आपल्याला शंका आहे. मी ठाण्यात बरीच वर्षे एका पर्यटन कंपनीच्या कार्यालयात सहलींच्या आखणीचे काम केले आणि आता कनिष्ठ महाविद्यालयात हाच विषय शिकवते. माझे उत्तर असे की, विषय अवश्य घेऊ द्यावा. फक्त त्या महाविद्यालयात त्याचे प्रात्यक्षिक खरोखर होते का, याची खात्री प्रवेशापूर्वी करून घ्यावी. प्रात्यक्षिकाशिवाय हा विषय म्हणजे पर्यटनाचे प्रकार आणि व्याख्या यांचे पाठांतर उरते, आणि तसे पाठांतर करायचे असेल तर त्यापेक्षा दुसरा कोणताही विषय घेतलेला बरा.

या विषयात स्थळांची माहिती शिकवतात, असा बहुतेकांचा समज असतो. माहिती असतेच, देशांतर्गत पर्यटन, परदेशातून येणारे पर्यटक, परदेशी जाणारे पर्यटक, वाहतूक, निवास, भारताचा भूगोल आणि वारसास्थळे हे सारे अभ्यासक्रमात येते. परंतु माझ्या मते त्याचा गाभा वेगळा आहे. दुसऱ्या माणसाने कष्टाने साठवलेले पैसे आणि मोजून मिळालेली रजा यांची जबाबदारी आपल्या हाती घेणे, हे या विषयात शिकायचे असते, आणि सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना असे काही शिकवणारे विषय आपल्याकडे फार थोडे आहेत.

एक उदाहरण देते. ठाण्यातील एक कुटुंब शनिवारी रात्रीच्या गाडीने छत्रपती संभाजीनगरला जाणार आहे आणि त्यांच्याकडे रविवार, सोमवार व मंगळवार हे तीन दिवस आहेत, असे मी मुलांना सांगते आणि कार्यक्रम आखायला देते. बहुतेक मुले वेरूळ जवळ, म्हणून ते आधी ठेवतात आणि अजिंठा सोमवारवर टाकतात. पण अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात आणि वेरूळची मंगळवारी. म्हणजे रविवारी सुमारे शंभर किलोमीटरवरचे अजिंठा, सोमवारी तीसेक किलोमीटरवरचे वेरूळ आणि त्याच वाटेवरचा देवगिरीचा किल्ला, आणि मंगळवारी शहरातच राहून बिबी का मकबरा पाहून परतीचा प्रवास, हाच क्रम बसतो. दोन्ही लेणी १९८३ पासून जागतिक वारसा यादीत आहेत, हे वाक्य पाठ असून भागत नाही. बंद दरवाजासमोर उभ्या राहिलेल्या कुटुंबाला त्या वाक्याचा काही उपयोग नसतो.

ठाणे आणि नवी मुंबई या दोन शहरांत राहणाऱ्या विद्यार्थ्याला तर सरावासाठी दूर जाण्याचीही गरज नाही. माझ्या विद्यार्थ्यांकडून मी ठाण्यातील एक वारसा फेरी आखून घेते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली देशातील पहिली प्रवासी रेल्वेगाडी जिथे येऊन पोहोचली ते ठाणे स्थानक, कौपिनेश्वर मंदिर, मासुंदा तलाव, तलावाजवळचे सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च, टेंभी नाक्याचे १८७९ सालचे सिनेगॉग म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ, आणि आज कारागृह असल्यामुळे बाहेरूनच दाखवता येणारा ठाण्याचा किल्ला, एवढे सारे पायी फिरता येण्याजोग्या अंतरात आहे. मुले उत्साहाने शनिवार-रविवार निवडतात, कारण लोकांना सुट्टी असते. मग त्यांच्या ध्यानात आणून द्यावे लागते की, शनिवार हा ज्यू समाजाचा शब्बाथ, त्या दिवशी सिनेगॉग हे प्रार्थनेचे ठिकाण आहे, पाहुण्यांना दाखवण्याचे नव्हे. रविवारी सकाळी चर्चमध्ये मिस्सा असते. आणि सोमवारी, विशेषतः श्रावणात, कौपिनेश्वराच्या मंदिरात दर्शनाची रांग असते. मग परवानगी कोणाकडे मागायची, छायाचित्रे कुठे काढायची नाहीत, साठीच्या पुढच्या माणसाला टेकायला जागा कुठे आहे, स्वच्छ स्वच्छतागृह कुठे आहे, पावसात गट कुठे थांबवायचा, असे प्रश्न मुले स्वतः चालून शोधून काढतात. आपल्याच शहरात अनेक धर्मांची माणसे पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहत आली आहेत, हे त्यांना यातून ज्या रीतीने कळते तसे वर्गात बसून कळत नाही, आणि मला या विषयाचे सर्वांत मोठे मोल तेच वाटते.

आपण ऐरोलीत राहता, म्हणून आपल्या मुलीला तर घराजवळच सुंदर नमुना आहे. ठाणे खाडीतील फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली घोषित झाले, २०२२ साली त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला, आणि ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून पक्षी पाहण्यासाठी बोट निघते. तिची वेळ भरती-ओहोटीवर ठरते, ग्राहकाच्या सोयीवर नव्हे. निसर्गाचे वेळापत्रक पाळून, पक्ष्यांना त्रास न देता सहल कशी न्यायची, हे तिने तिथे पाहिले तर 'शाश्वत पर्यटन' या धड्याचे पाठांतर करावे लागणार नाही.

आता हिशेबाकडे वळते, कारण वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीला इथे खरा लाभ आहे. समजा एका सहलीचा बस, चालक आणि टूर मॅनेजर यांचा मिळून स्थिर खर्च ६०,००० रुपये आहे. तीस पॅक्स, म्हणजे प्रवासी, आले तर तो माणशी २,००० रुपये पडतो, वीसच आले तर ३,००० रुपये. पण जाहिरातीत किंमत आधीच छापलेली असते आणि ती मागाहून वाढवता येत नाही. म्हणून कॉस्टिंग करताना किमान किती माणसे धरायची, याचा निर्णय फार जपून घ्यावा लागतो. त्यावर हॉटेलच्या दरात धरलेल्या जेवणाचे प्रकार येतात: सीपी म्हणजे फक्त नाश्ता, एमएपी म्हणजे नाश्ता आणि एक जेवण, एपी म्हणजे सर्व जेवणे. दर ट्विन शेअरिंगचा, म्हणजे दोघांत एक खोली धरून, असतो, एकट्या प्रवाशाला जादा आकार पडतो, मुलांसाठी 'एक्स्ट्रा बेड' घ्यायचा की नाही याने रक्कम बदलते, आणि शेवटी जीएसटी. वाणिज्य शाखेत जे स्थिर आणि बदलते खर्च ती शिकेल, ते इथे तिला प्रत्यक्ष वापरता येतील.

तिकिटांचे कामही अभ्यासक्रमात डोकावते. अमेडियस किंवा गॅलिलिओसारख्या आरक्षण प्रणालीत नाव पासपोर्टवर असेल तसेच टाकावे लागते. एका अक्षराच्या फरकाने प्रवासी काउंटरवर अडकू शकतो. नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबरपासून तिथून उड्डाणे सुरू झाली, त्यामुळे आता मुंबईसाठी बीओएम आणि नवी मुंबईसाठी एनएमआय असे दोन विमानतळ-संकेत आपल्याकडे आहेत. ठाण्यातील प्रवाशाला त्याचे विमान कुठून सुटते हे ठळकपणे सांगणे, ही आता साधी सूचना राहिलेली नाही. युरोपातील अनेक देशांसाठी एकत्र चालणाऱ्या शेंगेन व्हिसावर कोणत्याही १८० दिवसांच्या मुदतीत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते, अनेक देशांना पासपोर्टची किमान सहा महिन्यांची वैधता लागते, हे नियमही मुलांनी याच वयात समजून घ्यावेत.

अभ्यासक्रमाच्या मान्यतेबद्दल थोडक्यात सांगते. २०१३ साली राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा अधिसूचित झाला आणि त्यानंतर शालेय व्यावसायिक विषयांची मांडणी त्यानुसार होत गेली. राज्य मंडळाच्या शाळांत 'पर्यटन व आतिथ्य' हे क्षेत्र त्यात आहे. केंद्रीय मंडळाकडे (सीबीएसई) नववी-दहावीसाठी ४०६ आणि अकरावी-बारावीसाठी ८०६ या क्रमांकाचे विषय आहेत आणि बारावीला १०० पैकी ४० गुण प्रात्यक्षिकाला असतात. आपण मात्र एक गोष्ट नीट विचारून घ्यावी. वाणिज्य शाखेत राहून एक विषय म्हणून पर्यटन घेणे वेगळे, आणि बारावीच्या स्वतंत्र व्यवसाय अभ्यासक्रमाला प्रवेश घेणे वेगळे. दुसऱ्या प्रकारात वेळापत्रकाचा मोठा भाग व्यवसाय विषयच व्यापतो. प्रवेशाच्या गर्दीत पालकांना हा फरक कोणी समजावून सांगत नाही. विषय गुणपत्रिकेवर कोणत्या नावाने येतो आणि मुलीला पुढे ज्या पदवीला जायचे आहे तिथे तो धरला जातो का, हे त्या-त्या महाविद्यालयात आधीच पाहावे.

'मागे असणाऱ्यांचा विषय' या मताबद्दल मला मनापासून वाईट वाटते. ज्यांना इतरत्र प्रवेश मिळत नाही त्यांनी व्यवसाय शिक्षणाकडे जावे, अशी सवय आपल्या समाजाला फार काळ लागली आणि विषयाची परीक्षा न घेताच त्यावर शिक्का बसला. वास्तविक या विषयानंतर वाट बंद होत नाही. बी.कॉम. खुले राहते, ज्यांना याच क्षेत्रात पुढे जायचे आहे त्यांच्यासाठी केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या अखत्यारीतील, १९८३ साली स्थापन झालेली आणि ग्वाल्हेर येथे मुख्यालय असलेली भारतीय पर्यटन व प्रवास व्यवस्थापन संस्था आहे, जिथे बीबीए आणि एमबीए करता येते, आणि नोकरी करता करता शिकायचे असेल तर इग्नू या मुक्त विद्यापीठाचे पर्यटन अभ्यासातील पदविका व पदवी अभ्यासक्रम आहेत. जुलै २०२५ मध्ये रायगड, राजगड, शिवनेरी, खांदेरी यांच्यासह मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत आले. त्यांतले अकरा महाराष्ट्रात आहेत. ते नीट अभ्यासून, नीट दाखवणारी मराठी मुले आपल्याला हवी आहेत, आणि ती हुशारच असली पाहिजेत.

या व्यवसायाचे कष्टही सांगितले पाहिजेत. सुरुवातीचा पगार बेताचा असतो. दिवाळी, नाताळ आणि उन्हाळी सुट्टी, म्हणजे जेव्हा इतर घरी असतात किंवा फिरतात, तेव्हाच इथे कामाचा भर असतो. टूर मॅनेजरला सण परक्या गावी साजरे करावे लागतात. आणि २०२० साली सारे जग थांबले तेव्हा या क्षेत्राला सर्वांत आधी आणि फार खोल झळ लागली, हे मी जवळून पाहिले आहे. म्हणूनच वाणिज्य शाखेचा पाया सोबत ठेवून हा विषय घेणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

मुलीच्या मितभाषी स्वभावाची आपण काळजी करू नये. गटापुढे माइक घेऊन बोलणारा टूर मॅनेजर लोकांना दिसतो, पण त्याच्यामागे तिकिटे काढणारे, व्हिसाची कागदपत्रे तपासणारे, हॉटेलांशी दर ठरवणारे आणि रूमिंग लिस्ट, म्हणजे कोणती खोली कोणाला याची यादी, बनवणारे असतात. बँकेचे विवरण, रजेचे पत्र आणि विम्याची तारीख एकमेकांशी जुळते का, हे शांतपणे पाहणारी व्यक्ती कोणत्याही कार्यालयात फार मोलाची असते. माझ्या पाहण्यात उत्तम व्हिसा सहायक बहुधा कमी बोलणारेच निघाले. शिवाय लोकांशी बोलणे हेही सरावाने येते. वर्गातील काउंटरच्या नाट्यीकरणात पहिल्या सत्रात मान खाली घालून उभी राहणारी मुले वर्षअखेरीस तक्रार घेऊन आलेल्या ग्राहकाची समजूत काढताना मी पाहते.

महाविद्यालयात जाल तेव्हा मागील वर्षाच्या प्रात्यक्षिक वह्या दाखवायला सांगा. त्यांत मुलांनी स्वतः आखलेले कार्यक्रम आणि हिशेब आहेत की सर्व वह्यांत एकच मजकूर उतरवलेला आहे, हे पाच मिनिटांत कळते. शिकवणाऱ्याने या व्यवसायात काम केले आहे का, क्षेत्रभेटी कुठे झाल्या, संगणक किती मुलांमागे एक आहे, हेही विचारा. नव्या विमानतळामुळे परिसरात नोकरीची हमी देणारे खासगी वर्ग भरपूर दिसतील. ती हमी लेखी मिळत नसेल तर मोठी फी भरू नये, विशेषतः बारावीच्या आधी तर नाहीच.

आणि प्रवेशाचा अर्ज भरण्यापूर्वी मुलीला एक काम देऊन पाहा. घरातल्या सर्वांसाठी, आजी-आजोबा धरून, घारापुरीच्या लेण्यांची एक दिवसाची सहल ठराविक रकमेत तिने आखावी. लेणी सोमवारी बंद असतात, बोट गेटवेहून सुटते, वर जायला शंभराहून अधिक पायऱ्या आहेत आणि पावसाळ्यात समुद्र खवळला की फेऱ्या थांबतात, यांतले काहीही तिला आधी सांगू नका. तिने ते स्वतः शोधून काढले, कागदावर मांडले आणि त्यात तिचा वेळ आनंदात गेला, तर अर्ज निर्धास्तपणे भरावा.