तंत्रशंका : दुर्बिणीसाठी प्रकाशीय एन्कोडर कोठून घ्यावा?

प्रश्न : माझ्याकडे डॉब्सोनियन बैठकीवरील (हाताने आडवी-उभी फिरवता येणाऱ्या साध्या बैठकीवरील) आठ इंची दुर्बीण आहे. अमावास्येच्या सुमारास आम्ही काही मित्र ती त्र्यंबकेश्वरच्या बाजूला घेऊन जातो. दुर्बीण आकाशात नेमकी कोठे रोखलेली आहे हे मोबाइलवर दिसावे, यासाठी तिच्या दोन्ही अक्षांवर प्रकाशीय एन्कोडर (अक्ष किती फिरला हे प्रकाशाच्या मदतीने मोजणारे उपकरण) बसवण्याचा विचार आहे. खाचांची चकती, अवरक्त एलईडी आणि प्रकाशसंवेदक असे सुटे भाग घेऊन तो स्वतःच तयार करावा, असे वाटते. स्थानिक दुकानात विचारले असता केवाय-०४० नावाचा छोटा एन्कोडर दाखवण्यात आला. तो चालेल का? न चालल्यास सुटे भाग कोठे मिळतील?
— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : केवाय-०४० हा प्रकाशीय नसून यांत्रिक एन्कोडर आहे. त्याच्या आत धातूचे संपर्क असतात आणि एका फेऱ्यात तो जेमतेम २० स्पंद (विद्युत संकेताचे ठोके) देतो. आवाज कमी-जास्त करण्यासाठी तो उत्तम आहे, दुर्बिणीसाठी निरुपयोगी.

सुटे भाग मिळतात. तरीही ते वेगवेगळ्या ठिकाणांहून घेऊ नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. कारण चकती आणि संवेदक ही जोडी असते. ब्रॉडकॉम कंपनीच्या (पूर्वीच्या अ‍ॅव्हॅगोच्या आणि त्याआधी ह्युलेट-पॅकार्डच्या) एचईडीएस-९१०० मालिकेतील ५०० रेषांच्या मॉड्यूलचे उदाहरण घेऊ. त्याच्या चकतीवरील रेषा केंद्रापासून ११ मिलिमीटरवर असतात, म्हणजे परिघ सुमारे ६९ मिलिमीटर आणि दोन रेषांमधील अंतर सुमारे ०.१४ मिलिमीटर. संवेदकातील फोटोडायोडांची रांग याच अंतराला जुळेल अशी घडवलेली असते. अ आणि ब या दोन वाहिन्यांमध्ये (संवेदकातून निघणाऱ्या दोन संकेतांमध्ये) पाव रेषेचा फरक राहतो आणि त्यावरूनच फिरण्याची दिशा कळते. त्यामुळे दुसऱ्या त्रिज्येची किंवा दुसऱ्या रेषासंख्येची चकती त्यात घातली, तर संकेत एक तर येत नाही किंवा दोन्ही वाहिन्यांमधील अंतर बिघडून दिशा चुकते. अशी चकती घरी छापण्याचाही उपयोग नाही. ६०० डीपीआयच्या (इंचाला ६०० ठिपके छापणाऱ्या) लेझर प्रिंटरचा एक ठिपकाच सुमारे ०.०४ मिलिमीटरचा असतो, म्हणजे एका रेषेला आणि तिच्या शेजारच्या फटीला मिळून तीन-साडेतीन ठिपके येतात. बाजारात सहज मिळणारे एमओसी७८११ हे खाचेचे संवेदक वापरून मोठी चकती करता येईल. परंतु ९० खाचा कापल्या आणि दोन संवेदक पाव खाचेच्या फरकाने बसवले, तरी एका फेऱ्यात ३६० मोजण्या, म्हणजे एक अंशाची अचूकता मिळते. पूर्ण चंद्राची रुंदी अर्धा अंश आहे, हे लक्षात घेतले की ती किती अपुरी आहे ते समजेल.

म्हणून तयार, बंद एन्कोडर घ्यावा. ३८ मिलिमीटर व्यासाचे, ६ मिलिमीटर दांड्याचे, ६०० स्पंदांचे चिनी एन्कोडर ऑनलाइन विक्रेत्यांकडे आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर मिळतात. पुण्यात तापकीर गल्लीत चौकशी करता येईल. दोन्ही वाहिन्यांच्या चढत्या-उतरत्या कडा मोजल्यास एका फेऱ्यात २४०० मोजण्या होतात, म्हणजे एक मोजणी ९ कलांची (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग). २० आणि ८० दात्यांच्या पुली आणि दातेरी पट्टा वापरून एन्कोडरचा वेग चौपट केला की ती सव्वादोन कलांवर येते आणि कमी वर्धनाच्या नेत्रिकेत लक्ष्य सापडण्यास एवढे पुरेसे आहे. गिअर वापरल्यास दात्यांमधील ढिलेपणा मोजणीत उतरतो. ताणलेल्या पट्ट्यात तो फारच कमी असतो. खरेदी करताना ‘६००’ हा आकडा रेषांचा आहे की चौपट करून सांगितलेल्या मोजण्यांचा, हे विक्रेत्याकडून जरूर स्पष्ट करून घ्यावे, कारण दोन्ही पद्धती प्रचलित आहेत. या एन्कोडरचे निर्गम (संकेत बाहेर देणाऱ्या तारा) बहुधा ओपन कलेक्टर प्रकारचे असतात, म्हणजे ते संकेत फक्त खाली ओढतात, त्यामुळे तो वर नेणारे पुल-अप रोधक जोडावेच लागतात. मोजणीसाठी ईएसपी३२ हा ३.३ व्होल्टवर चालणारा मायक्रोकंट्रोलर वापरणार असाल, तर एन्कोडरला ५ व्होल्ट द्यावेत, पण पुल-अप मात्र ३.३ व्होल्टलाच जोडावा.

नाशिककरांना आणखी एक वाट खुली आहे. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींत सीएनसी (संगणक-नियंत्रित) यंत्रांची दुरुस्ती करणाऱ्यांकडे काढून ठेवलेले एन्कोडर असतात. २५०० रेषांचा चांगला एन्कोडर हाती लागला, तर चौपट मोजणीने १०,००० मोजण्या थेट मिळतात आणि पुली-पट्ट्याची गरजच उरत नाही. मात्र काही सर्व्हो मोटरींचे एन्कोडर स्वतःच्या गुप्त अनुक्रमिक भाषेत बोलतात. ते फुकट मिळाले तरी घेऊ नयेत. लेबलवर अ, ब आणि त्यांच्या उलट वाहिन्या दिसल्या, तर तो लाइन ड्रायव्हर (प्रत्येक संकेत सुलट-उलट अशा तारांच्या जोडीने पाठवणारा) प्रकार समजावा आणि त्याला एएम२६एलएस३२ सारखी रिसीव्हर चिप लावावी. दुकानातच ५ व्होल्टचा पुरवठा आणि मल्टिमीटर नेऊन दांडा अगदी सावकाश फिरवावा. व्होल्टेज खाली-वर होत असेल आणि बेअरिंगमध्ये खरखर जाणवत नसेल, तर सौदा करावा. लेबलवर २४ व्होल्ट असल्यास ही चाचणी लागू होणार नाही.

एचईडीएस मॉड्यूलच हवे असल्यास माउझर, डिजी-की किंवा एलिमेंट१४ यांसारख्या अधिकृत वितरकांकडून मॉड्यूल आणि चकती एकाच मागणीत, दोन्हींचे क्रमांक माहितीपत्रकात ताडून मागवावीत. हिवाळ्यात उघड्या माळावर दव पडते आणि उघड्या चकतीवर ते जमले की मोजणी चुकते, हा त्यातला धोका. एएस५६०० या चुंबकीय चिपला दवाची फारशी पर्वा नसते, किंमतही कमी. परंतु तिची एक पायरी सव्वापाच कलांची असते आणि चुंबक मध्यावरून जरा सरकला तरी चूक वाढते.

प्रश्न : जुन्या इंकजेट प्रिंटरमधून बारीक रेषांची पारदर्शक पट्टी आणि छोटी चकती निघाली आहे. प्रकल्पात वापरता येईल का?
— एक विद्यार्थी, सिडको, नाशिक

उत्तर : येईल, मात्र त्यांच्यावर बसलेले संवेदकही त्यांच्या छोट्या सर्किट बोर्डासह काढून घ्यावेत. पट्टीचा संवेदक शाईच्या गाड्यावर आणि चकतीचा कागद सरकवणाऱ्या दांड्याजवळ सापडतो. पट्टीवर इंचाला बहुधा १५० किंवा १८० रेषा असतात. संवेदकाला सहसा चार जोडण्या असतात : पुरवठा, ग्राउंड, अ आणि ब. प्रिंटर अजून चालू होत असेल, तर सुटे करण्यापूर्वीच त्या मल्टिमीटरने ओळखून लिहून ठेवाव्यात, कारण पुरवठा उलटा जोडल्यास संवेदक जळतो. आतील एलईडी पेटतो की नाही, हे डोळ्यांना दिसत नाही. मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यातून पाहिल्यास तो बहुधा फिकट जांभळा दिसतो.