फेस आला की पेशी फुटणं थांबतं

प्रश्न : सॉनिकेटरने (ध्वनिलहरींनी पेशी फोडणाऱ्या यंत्राने) ई. कोलाय जीवाणू फोडताना नळीत फेस येतो आणि एन्झाइमची ॲक्टिव्हिटी जवळजवळ शून्य मिळते. वेळ वाढवला तरी तेच. आणि सोनोग्राफीतही ध्वनिलहरीच असतात, मग त्यांनी पेशी का फुटत नाहीत?
— एम.एस्सी.ची विद्यार्थिनी, माटुंगा

उत्तर : वेळ अजिबात वाढवू नका, एन्झाइम त्यानेच मरतंय.

प्रोबचं, म्हणजे सॉनिकेटरच्या द्रवात बुडवायच्या धातूच्या दांडीचं, टोक सेकंदाला सुमारे 20,000 वेळा खालीवर होतं. ते मागे सरलं की द्रवातला दाब उतरून सूक्ष्म बुडबुडे तयार होतात आणि दाब चढला की ते कोसळतात. त्या वेळी उठणारे वेगवान प्रवाह आणि आघातलहरी पेशीभित्ती फाडतात. जहाजाच्या पंख्याला खड्डे पडतात ते याच क्रियेने. तुमच्या प्रोबचं टायटॅनियमही असंच झिजतं, टोक खडबडीत दिसत असेल तर आधी ते बदलून घ्या.

टोक पृष्ठभागाजवळ असलं की हवा आत ओढली जाते. मग ऊर्जा फेसातच जिरते, पेशी शाबूत राहतात आणि हवेच्या संपर्कात प्रथिनं उलगडून निकामी होतात. प्रोबचा आवाज एकदम बदलून कर्कश झाला की लगेच थांबा. फेस बसू द्या, मगच पुढे.

एक ग्रॅम ओल्या पेशींना 5 मिलि थंड बफर घ्या. पेशीभित्ती कमकुवत करणारं लायसोझाइम 1 मिग्रॅ प्रति मिलि घालून अर्धा तास बर्फात ठेवा. प्रथिनं तोडणाऱ्या एन्झाइमांना रोखणारं पीएमएसएफ पाण्यात लवकर विघटित होतं, ते प्रोब सुरू करण्याच्या अगदी आधी घाला. 3 मिमीचं टोक सेंटिमीटरभर बुडवा, तळाला किंवा भिंतीला लागू देऊ नका. 10 सेकंद चालू, 30 सेकंद बंद, अशा सहा ते दहा फेऱ्या करा. नळीभोवती नुसते बर्फाचे खडे नकोत, मधे हवा राहते. बर्फ-पाणी एकत्र हवं, आणि मुंबईच्या मे महिन्यात ते मधेच बदलावंही लागतं. द्रव आधी डीएनएमुळे चिकट होतो, मग पातळ. दुधी रंग जाऊन तो अर्धपारदर्शक झाला की पुरे. दर दोन फेऱ्यांनी थोडा नमुना काढून प्रथिनं आणि ॲक्टिव्हिटी दोन्ही मोजा. प्रथिनं वाढायची थांबली की तुम्हीही थांबा. आणि कानाला मफ लावायला विसरू नका.

सोनोग्राफीची वारंवारता साधारण 2 ते 15 मेगाहर्ट्झ असते आणि स्पंद मायक्रोसेकंदांचे, त्यामुळे बुडबुडा वाढायला वेळच मिळत नाही. शिवाय गर्भाच्या फुप्फुसांत हवा नसते, त्यामुळे तिथे आयते बुडबुडेही नसतात. सोनोग्राफीच्या पडद्यावरचा 'एमआय' (मेकॅनिकल इंडेक्स) हा आकडा बुडबुड्यांच्या याच धोक्याचा अंदाज देतो, अमेरिकेत त्याची कमाल मर्यादा 1.9 आहे.