रिफंड आला, पण देणगी कुठे आहे?

नागपूरच्या मनीषनगरमधल्या एका वाचकांचं पत्र आहे. मिहानमध्ये नोकरी, वर्षाचा पगार 14 लाख. 31 मार्च 2026 च्या आत एका ट्रस्टला 50 हजार दिले तर टॅक्स 50 हजारांनी कमी होईल का, असं ते विचारतात. जाता जाता लिहितात : ‘गेल्या वर्षी बर्डीतल्या एजंटने राजकीय पक्षाला दीड लाखाची देणगी दाखवून 46,800 रुपये रिफंड काढून दिला आणि त्यातले दहा टक्के घेतले. मी प्रत्यक्षात काही दिलं नव्हतं. यंदाही करू का?’

नाही. आणि गेल्या वर्षीचंही आधी निस्तरा, ट्रस्टचं नंतर बघू.

आजच आयकराच्या पोर्टलवर स्वतः लॉगिन करा. प्रोफाइलमध्ये एजंटचाच मोबाइल आणि ईमेल असेल, तर नोटीस त्याच्याकडे जाईल आणि तुम्हाला पत्ताही लागणार नाही. ते बदला. मग रिटर्न डाउनलोड करून 80जीजीसीचा, म्हणजे राजकीय देणगीच्या वजावटीचा तक्ता उघडा. तिथे देणगीची तारीख, व्यवहार क्रमांक, बँकेचा आयएफएससी भरलेला असतो. तो व्यवहार तुमच्या पासबुकात नाही, आणि आयकर खातं नेमकं हेच ताडून बघतं. रिटर्न तुमच्या नावाने गेलं आहे, त्यामुळे जबाब तुम्हालाच द्यावा लागेल, एजंटला नाही.

खोट्या वजावटीवर दंड बुडवलेल्या कराच्या दुप्पट, म्हणजे 93,600. मूळ कर धरून 1 लाख 40 हजार, वर व्याज. त्याऐवजी आत्ता आयटीआर-यू (अपडेटेड, म्हणजे चूक दुरुस्त करणारं रिटर्न) भरा : 46,800, थोडं व्याज आणि त्या बेरजेवर 25 टक्के जादा कर. साधारण 60-65 हजारांत विषय मिटतो. 25 टक्क्यांचा दर 31 मार्च 2027 पर्यंत आहे, पण तपासणी सुरू झाली की हा मार्ग बंद होऊ शकतो. तेव्हा याच महिन्यात सीएकडून भरून घ्या, आणि टक्केवारीवर रिफंड काढणाऱ्या माणसाकडे परत जाऊ नका.

आता ट्रस्ट. 80जीची, म्हणजे ट्रस्टला दिलेल्या देणगीची वजावट उत्पन्नातून होते, करातून नव्हे. बहुतेक ट्रस्टच्या देणगीवर निम्मीच वजावट मिळते : 50 हजारांवर 25 हजार, म्हणजे तुमच्या 30 टक्के स्लॅबमध्ये सेससकट 7,800 रुपये. तेही जुन्या करप्रणालीत. तुमच्या पगारावर जुन्या प्रणालीत, 80सीच्या गुंतवणुकीचे दीड लाख आणि मेडिक्लेमचे 25 हजार धरूनही, कर 1 लाख 70 हजारांच्या घरात जातो. नव्या प्रणालीत तो सुमारे 82 हजार, आणि तिथे 80जी नाहीच. 7,800 साठी जुनी प्रणाली धरून ठेवली तर 80 हजारांहून जास्त घालवाल. कंपनीत जुनी निवडली असली तरी 31 जुलैच्या आत रिटर्न भरताना बदलता येते.

ट्रस्टचं काम पटत असेल तर जरूर द्या, टॅक्सचा हिशेब त्यातून काढून टाका. पैसे ऑनलाइन किंवा चेकने द्या आणि पावती जपून ठेवा. पुढेमागे कधी जुन्या प्रणालीत गेलात तर 2,000 च्या वरची रोख आणि वस्तुरूपातलं दान वजावटीला चालत नाही. शिवाय ट्रस्टकडून देणगीचं प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म 10बीई लागेल. तो 31 मेपर्यंत मिळायला हवा.