सुनेला आळशी म्हणाले, आता काय करू?

नागपूरच्या महाल भागातल्या एका काकूंचं पत्र आहे. थोडं कापून देते.

"ताई, माझं वय ५९. मागच्या मे महिन्यात सून गोळाभात करता करता ओट्यापाशी खाली बसली ती उठेचना. मी म्हटलं, नाटकं करून राहिली, चार माणसांचा स्वयंपाक होत नाही का. दिवाळीनंतर तिला एका डोळ्यानं धुरकट दिसायला लागलं, एमआरआय केला, मल्टिपल स्क्लेरोसिस निघाला. तेव्हापासून मी तिला पाण्याचा ग्लाससुद्धा उचलू देत नाही, तरी ती माझ्याशी बोलणंच कमी करून राहिली, काहून ते समजत नाही. पोरगा हिंगण्याला कंपनीत आहे, औषध महाग. नागपुरात अशा लोकांसाठी काही संस्था आहे का? पण कोणासमोर हात पसरायचा म्हटलं की जिवावर येते. नातेवाईक एका वैद्याचं नाव सांगून राहिले. आणि विचारू नये पण विचारते, नातवंडाचं काय?"

काकू, आधी त्या गोळाभाताच्या दुपारचंच बोलू, कारण तुमचं मन तिथेच अडकलंय. मे महिना, बाहेर ४५ डिग्री, कूलरची हवा स्वयंपाकघरापर्यंत पोचत नाही, एका शेगडीवर भात आणि दुसरीवर तेल तापतंय. एमएसमध्ये, म्हणजे या मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये काय होतं, आपल्याच शरीराची रोगप्रतिकारशक्ती मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या नसांवरचं मायलिन नावाचं आवरण खराब करते, मग त्या नसेतून निरोप कसाबसा जातो, आणि अंग थोडंसं जरी तापलं तरी तोही मधेच अडकतो. पाय जड होतात, नजर धूसर होते, हातातून वस्तू सुटते. अंग थंड झालं की बहुतेक सगळं परत जागेवर येतं, म्हणून तर बघणाऱ्याला नाटक वाटतं. विल्हेल्म उथॉफ नावाच्या जर्मन डोळ्यांच्या डॉक्टरनं हे १८९० साली लिहून ठेवलंय, आणि एमआरआय नव्हता त्या काळात डॉक्टर संशय आला की पेशंटला गरम पाण्याच्या टबात बसवून बघायचे, लक्षणं वाढतात का म्हणून. आता बोला, आपल्या नागपुरात तर घराबाहेर पाय ठेवला की झाली ती टेस्ट!

तर ते नाटक नव्हतं. पण तेव्हा तुम्हालाच काय, तिलाही माहीत नव्हतं. एकदा सरळ सांगून टाका, "त्या दिवशी माझं चुकलं", आणि तिथेच थांबा, रडारड नको, कारण तुम्ही रडायला लागल्या की समजूत तिलाच काढावी लागते आणि तिच्याकडे दिवसाची ताकद मोजूनमापून असते.

ती बोलत काहून नाही? मला वाटतं तेच सांगते, राग मानू नका. मेमध्ये ती आळशी होती, दिवाळीनंतर बिचारी झाली, आणि दोन्ही वेळा तिला कोणी विचारलंच नाही. ग्लास तिला उचलू द्या ना जी. एमएसचा थकवा रोज वेगळा असतो, सोमवारी ती पोळ्या करून बाजारात जाऊन येईल आणि मंगळवारी केस विंचरायलाही हात वर जाणार नाही, रात्री आठ तास झोपूनसुद्धा. म्हणून सकाळी चहा घेताना एवढंच विचारायचं, आज काय जमते, काय मी करू. जे जमते म्हणाली ते तिला करू द्यायचं, मागे मागे फिरायचं नाही.

घरात मात्र काही गोष्टी लगेच करा. स्वयंपाक सकाळी नऊच्या आत उरकायचा आणि ओट्याच्या उंचीचं एक स्टूल आणायचं, पाठ टेकणारं मिळालं तर फारच छान. बाहेर जाताना दुपट्टा आपण सगळ्याच बांधतो, तिनं दुसरा एक ओला करून, पिळून मानेभोवती ठेवायचा, वाळला की परत ओला. तिच्या खोलीतला कूलर एप्रिलमध्येच नीट करून घ्या, पंप गेलेला आहे हे मेमध्ये समजलं की मिस्त्री मिळत नाही हे मी तुम्हाला काय सांगू. आणि पावसाची पहिली सर येऊन उमस सुरू झाली की कूलर काही कामाचा राहत नाही, उलट अंग चिकचिक होतं. त्या दोन-तीन आठवड्यांसाठी जमत असेल तर एसी बघा, तिच्या बाबतीत ती चैन नाही. आंघोळ कोमट पाण्यानं, बाथरूममध्ये रबरी मॅट, भिंतीला धरायला दांडा, आणि आतून कडी लावायची नाही असं घरातल्या सगळ्यांनी ठरवून टाकायचं म्हणजे तिला एकटीला ओशाळल्यासारखं होणार नाही.

आणखी एक, हे बायका सांगत नाहीत. एमएसमध्ये लघवीची एकदम घाई होते, थांबवता येत नाही, म्हणून बाहेर जायचं असलं की पाणीच पीत नाहीत. नागपूरच्या उन्हात! मग लघवीचं इन्फेक्शन होतं, ताप येतो, तापानं पाय जातात आणि घरचे समजतात आजार वाढला. पाणी तोडायचं नाही, घाईवर वेगळी औषधं असतात, न्यूरॉलॉजिस्टला लाजू नका म्हणावं. ताप नाही, इन्फेक्शन नाही आणि नवीनच काही लक्षण २४ तासांच्या वर टिकलं तर मात्र पुढच्या तारखेची वाट न बघता फोन करायचा.

आता संस्था. मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया म्हणून संस्था आहे, १९८५ पासून, सुरुवात मुंबईत झाली, पुण्यातही त्यांचा चॅप्टर आहे. पेशंट आणि घरच्यांशी बोलणं, समुपदेशन, फिजिओ, गरजूंना औषधाला हातभार अशी कामं करतात. फोन करून विचारायचं की विदर्भातले कोण सभासद आहेत, कारण ज्या बाईनं नागपूरचे दहा उन्हाळे एमएस घेऊन काढलेत तिच्याशी अर्धा तास बोलणं माझ्या या अख्ख्या उत्तराहून जास्त कामाचं. फक्त फोन सूनबाईनं करायचा. तुम्ही नंबर काढून द्या, तिला वाटलं तर करेल, दोन महिन्यांनी केला तरी चालेल. तुम्हाला स्वतःला बोलायचं असेल तर तुमच्यासाठी वेगळा करा, घरच्यांचेही प्रश्न असतातच.

हात पसरण्याचं म्हणाल तर काकू, यातलं निम्मं दान नाहीच, हक्क आहे. १९९५ च्या अपंगत्वाच्या कायद्यात सातच प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात २१ झाले आणि त्यात मल्टिपल स्क्लेरोसिस नावानिशी आहे. सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा अर्ज करायचा, मग सरकारी दवाखान्यातल्या बोर्डासमोर तपासणी. ४० टक्के किंवा वर निघालं तर बऱ्याच सवलतींचं दार उघडतं, एसटीच्या तिकिटात ७५ टक्के सवलत त्यातलीच. जाताना एमआरआय, डिस्चार्जचे कागद, न्यूरॉलॉजिस्टची चिठ्ठी सगळं न्या, आणि तिला आतापासून वहीत लिहायला सांगा, कोणत्या दिवशी किती चालली, कुठे पडली. कारण बोर्डाच्या दिवशी नेमकी ती छान दिसणार, टवटवीत, आणि समोरचा म्हणणार काय झालंय हिला! माझ्या मावसबहिणीला (तिला दुसरा आजार, पण पायांचाच) दिव्यांगांच्या कागदासाठी एका ऑफिसात दुसऱ्या माळ्यावर बोलावलं होतं, लिफ्ट बंद. हसावं की रडावं. म्हणून सोबत कोणीतरी पाहिजे आणि आधी फोन करून विचारायला पाहिजे.

सरकारी दवाखान्यात गेल्या तर समाजसेवा अधीक्षक कुठे बसतात ते विचारा. कोणती योजना लागू होते, कोणता ट्रस्ट औषधाला मदत करतो हे त्या खुर्चीवरच्या माणसाला डॉक्टरपेक्षा जास्त माहीत असतं. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात, उत्पन्नाची अट आहे, तुमच्या मुलाचा पगार त्यात बसतो का ते बघा. व्हीलचेअर, वॉकर वगैरे आत्ता विकत घेऊ नका, कदाचित लागणारही नाही, आणि लागलीच तर रुग्णोपयोगी साहित्य डिपॉझिट ठेवून वापरायला देणारी केंद्रं असतात.

मुलाला एक निरोप द्या, कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये बायकोचं नाव आहे ना ते आजच बघ. ग्रुप पॉलिसीत आधीचे आजार बहुतेक वेळा धरतात, बाहेर नवीन पॉलिसी घ्यायला गेलं तर एमएस वगळण्याचीच शक्यता जास्त. नोकरी बदलायची घाई करण्याआधी हा हिशोब करायला पाहिजे.

वैद्याचं. तेल लावून मालीश करा, बरं वाटतं तर वाटू द्या, पण चालू औषध बंद करायला सांगणारा कोणीही असो, त्याच्या दारात परत जायचं नाही. ही औषधं पुढचा झटका, म्हणजे आजाराचं परत उसळणं, टाळायला असतात, म्हणून वर्षभर सगळं ठीक गेलं की लोकांना वाटतं गरजच नव्हती, आणि सोडून देतात.

नातवंडाचं विचारलंत ते बरं केलंत, पण मला विचारलंत, तिला नाही, तसंच राहू द्या. एमएस असलेल्या बायकांना मुलं होतात, गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत झटके कमीच होतात, बाळंतपणानंतरचे तीन महिने जपायचे असतात. काही औषधं आधी बंद करावी लागतात म्हणून न्यूरॉलॉजिस्टला विचारून ठरवायचं. ते दोघं ठरवतील.

आणि गोळाभात आता या घरात होणार नाही असं काही धरून बसू नका. सकाळी करायचा, गोळे तुम्ही वळा, चिंचेचं सार आदल्या रात्री करून ठेवा, वरची हिंग-मोहरीची फोडणी तिला स्टुलावर बसून करू द्या. तिला करायची असेल तर, ते आधी विचारा.